स्थानबद्धांची मुक्तता आणि विधिमंडळाचा अधिकार

३१ मे २०१४ रोजी अमेरिकन सरकारने ग्वांटानामोच्या तळावरील पाच तालिबानी स्थानबद्ध कतारच्या स्वाधीन केले आणि त्यांच्या बदल्यात जवळजवळ पाच वर्षे शत्रूच्या कैदेत असलेला सार्जंट बो बर्गडाल सोडवून आणला. आपला सैनिक शत्रूच्या हाती टाकून यावयाचे नाही, ही भावना कोणत्याही राष्ट्रास शोभणारीच होय. परंतु अशा मुक्ततेपूर्वी किमान तीस दिवस काँग्रेसच्या समित्यांना कळविले पाहिजे, असा कायदा होता आणि त्यावर सही खुद्द अध्यक्ष ओबामा यांची होती. सही करतानाच त्यांनी त्या कलमाविषयी आक्षेप नोंदविला होता, हे खरे. पण आक्षेप नोंदविल्याने कलम रद्द होत नाही. बोभाटा झाला असता तर सैनिकाचा जीव गेला असता, ही सरकारची सबबही अगदीच पोकळ नव्हे. तथापि समित्यांना बंद दाराआड विश्वासात घेता आले असते. ऑगस्टमध्ये काँग्रेसच्याच हिशेब-तपासणी कार्यालयाने कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला.

येथे १९४३ सालच्या इंग्लंडची आठवण होते. फॅसिस्ट पुढारी सर ऑस्वल्ड मोझ्ली यांस १९४० मध्ये १८-ब नियमाखाली चौकशीविना डांबण्यात आले होते. प्रकृती ढासळल्यावरून मजूर पक्षाचे गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी त्यांस सोडले आणि देशभर संताप उसळला. सोडण्याचा अधिकार मंत्र्याचाच होता. पण १ डिसेंबर रोजी, युद्ध ऐन भरात असताना, त्यांस कॉमन्स सभेपुढे उभे राहून जाब द्यावा लागला. निषेधाची सूचना ३२७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळली गेली. आमच्या मते मॉरिसन यांचा निर्णय योग्य होता, आणि त्यांस जाब विचारणारेही आपले कर्तव्यच करीत होते. (त्याच साम्राज्यात, पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून गांधीजींना ६ मे १९४४ रोजी प्रकृतीच्याच कारणास्तव सोडले, तेव्हा व्हाइसरॉयचे सरकार दिल्लीच्या विधिमंडळास मुळी जबाबदारच नव्हते. कस्तुरबा त्यापूर्वीच, २२ फेब्रुवारीस, त्याच वास्तूत निवर्तल्या होत्या.)

इंग्लंडच्या त्या नियमात आणखी एक कलम होते, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. किती माणसे स्थानबद्ध आहेत आणि सल्लागार समितीचा सल्ला किती प्रकरणी डावलला, याचा अहवाल गृहमंत्र्याने दर महिन्यास पार्लमेंटला द्यावयाचा असे. म्हणजे कोणास सोडले याबरोबर कोणास ठेवले याचाही हिशेब होता. अमेरिकन काँग्रेसचा कटाक्ष मात्र मुख्यतः सुटकेवरच राहिला. सोडावयाचे तर अटी आणि मुदती, ठेवावयाचे तर तितकी अडचण नाही. सुटका लांबण्यास इतर कारणेही असत. पण सोडण्यास हरकत नाही, असा निर्वाळा मिळालेला ट्युनिशियाचा एक स्थानबद्ध त्यानंतरही दहाहून अधिक वर्षे तेथेच होता. २००२ पासून एकही आरोप न ठेवता अडकलेला तो मनुष्य मायदेशी परतला डिसेंबर २०२४ मध्ये.