परदेशीं राहणाऱ्यांचा व्यायाम

परदेशच्या नोकरीचें पत्र हातीं आलें म्हणजे तरुण मनुष्य कपडे, कागदपत्रें, लोणच्याची बरणी या सर्वांची यादी करतो. त्या यादींत व्यायामाला क्वचितच स्थान मिळतें. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या कुंभवलीसारख्या गांवांतील फिटर किंवा रसायनांच्या कारखान्यांतील कामगार घ्या. बोईसर स्टेशनापर्यंत सायकलीची रपेट, पावसाळ्यांत भातलावणी, संध्याकाळीं कबड्डी, एवढ्यांत त्याचें शरीर आपोआप राबत असतें. परदेशीं हीं सारीं निमित्तें एकदम नाहींशीं होतात. कंपनीची गाडी दारांतून नेते, लिफ्ट वर चढविते, आणि सहा महिन्यांत कमरेचा पट्टा एक भोंक पुढें सरकतो. (परप्रांतांतून बोईसरला कामासाठीं आलेल्या माणसाचेंही पुष्कळदां हेंच होतें.)

ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. दक्षिण आशियांतील लोकांना मधुमेह युरोपियनांपेक्षां कमी वजनावर व लहान वयांत जडतो, हें वैद्यकशास्त्रानें दाखवून दिलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणें प्रौढानें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, व दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही करावा.

नवख्या माणसाची पहिली धांव जिमकडे असते. माझ्या मतें ती दुसरी असावी. ज्याला जागा, यंत्र आणि पैसा यांपैकीं कांहींच लागत नाहीं असा व्यायाम आधीं अंगवळणीं पडला पाहिजे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला. १९३८ सालीं या विषयावरचें त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. अंगाच्या लांबीएवढी जागा नमस्कारांना पुरते, आणि तेवढी जागा कामगारांच्या वसतिगृहांतही मिळते. लांकडी जमिनीच्या घरांत दोरीवरच्या उड्या मारल्या तर खालचा शेजारी दार ठोठावतो. नमस्कार, दंड, बैठकांनीं कोणाची झोंपमोड होत नाहीं. एक उणीव मात्र आहे. यांत ढकलण्याचे व उठण्याचे स्नायू राबतात, ओढण्याचे फारसे राबत नाहींत. त्यासाठीं लोंबकळण्यास आडवा दांडा हवा. तो परदेशीं पुष्कळ सार्वजनिक बागांत आढळतो.

हवामानाचा विचार निराळाच. संयुक्त अरब अमिरातींत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळांत दुपारीं साडेबारा ते तीनपर्यंत मजुरांकडून उन्हांत काम करून घेण्यास बंदी असते. आपला किनाऱ्यावरचा मनुष्य दमट हवेला सरावलेला, म्हणून फाजील विश्वास बाळगतो. पण घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो वाळला तरच शरीर निवतें. तेथील दमट उन्हाळ्यांत तो वाळतच नाहीं. नव्या उष्ण हवेशीं शरीराचें जमण्यास एक ते दोन आठवडे लागतात, तोंवर श्रम बेतानें वाढवावे. उलट डिसेंबरांत लंडनमध्यें सूर्य सकाळीं आठच्या सुमारास उगवतो व दुपारीं चारच्या आंत मावळतो. 'उजाडल्यावर फिरावयास जाऊं' म्हणणाऱ्याचा तेथें सारा हिवाळा कोरडा जातो. व्यायामाची वेळ सूर्यावर नव्हे, कामाच्या पाळीवर बांधावी लागते.

आतां जिम शोधण्याविषयीं. यंत्रांची चकाकी पाहण्याआधीं ती कामावरून घरीं येण्याच्या वाटेवर आहे कीं नाहीं तें पाहावें. वांकड्या वाटेची जिम महिन्याभरांत सुटते. आपल्या पाळीच्या वेळीं ती उघडी असते का, एक दिवस फुकट येऊन पाहतां येतें का, हेंही विचारावें. सहीपूर्वीं करार मात्र संपूर्ण वाचावा. जर्मनींत १ मार्च २०२२ पासूनच्या कायद्याप्रमाणें अशा नव्या कराराची पहिली मुदत दोन वर्षांपेक्षां अधिक असूं शकत नाहीं, आणि ती संपल्यावर करार आपोआप पुढें चालला तर एक महिन्याच्या सूचनेनें तो केव्हांही मोडतां येतो. पण पहिली दोन वर्षें बांधून घेतलेल्या माणसाची बदली झाली तर पैसे भरण्याची पाळी त्याच्यावर येऊं शकते.

त्याच जर्मनींत जिमपेक्षां बहुधा स्वस्त असा दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे क्रीडामंडळ. बर्लिनच्या हासेनहायडे येथें फ्रीड्रिश यान यानें १८११ सालीं उघडें व्यायामक्षेत्र काढलें. त्या चळवळींतून गांवोगांव मंडळें उभीं राहिलीं. याच बर्लिनमध्यें १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ करून दाखविले होते. परक्या गांवांत एकट्या माणसास यंत्रापेक्षां सोबत्याची गरज अधिक असते, आणि ती अशा मंडळांत भागते. जिममध्यें जो तो कानांत संगीत घालून आपापल्या आरशापुढें उभा असतो.

इंग्लंडांत राहणाऱ्यांसाठीं 'पार्करन' नांवाची सोय आहे. २००४ सालीं लंडनच्या बुशी पार्कमध्यें हिची सुरुवात झाली. शनिवारीं सकाळीं नऊ वाजतां अनेक गांवांच्या बागांत लोक जमतात व पांच किलोमीटर अंतर कापतात. शुल्क नाहीं, नांव एकदांच नोंदवावें लागतें, आणि धांवणें झेपत नसेल तर चालत गेलेंही चालतें.