लहानग्यांचे केस किती ठेवावेत? जावळापासून ‘जटे’च्या भीतीपर्यंत, पालकांसाठी थोडं सविस्तर

कर्नाटकातल्या शाळा मे महिन्याच्या शेवटी उघडतात. पलीकडे कागल-गडहिंग्लजला अजून पंधरा दिवस सुट्टी असते, खरं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात त्या आठवड्यात सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकून पोराला वर बसवायचं, गळ्याभोवती कापड गुंडाळायचं आणि मग कात्री हातात घेऊन विचारायचं, “कसं मारू?” आई-वडिलांचं उत्तर ठरलेलं, “बारीक करा.”

बारीक म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगत नाही. मग घरी आल्यावर आजी म्हणते, “लईच उडवलंय की!” आणि पोरगं टोपी काढायला तयार होत नाही.

विषय साधा वाटतो. पण आपल्या भागात लहान मुलीच्या डोक्यातल्या एका गुंत्यावरून तिची शाळा सुटल्याच्या आणि तिला देवीला सोडल्याच्या गोष्टी मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे केस आखूड ठेवण्याकडे नुसती फॅशन म्हणून बघता येत नाही. त्याकडे येऊच. आधी सलूनमधल्या खुर्चीतलं बघू.

‘बारीक’ नको, नंबर सांगा

मशीनला जो प्लास्टिकचा कंगवा लावतात त्याला नंबर असतो. १ नंबर लावला तर साधारण ३ मिलिमीटर केस राहतात, २ ला ६, ३ ला १० आणि ४ ला १२-१३ मिलिमीटर. झिरो म्हणजे जवळजवळ चकोटच. तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी आमचं मत विचाराल तर बाजूने आणि मागून २ किंवा ३ नंबर, आणि वर कात्रीने दोन बोटं जाडीचे केस. सकाळी विंचरायची गरज नाही, आंघोळीनंतर टॉवेल फिरवला की झालं. सोल्जर कट म्हणतात तो साधारण हाच. पोरांना क्रिकेटपटूसारखी बाजूने रेघ मारून हवी असते, मारू द्या. पंधरा दिवसांत भरून येते.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे २ नंबरचे केस महिन्याभरात तिप्पट दिसायला लागतात. पाच-सहा आठवड्यांनी एक फेरी धरून चला.

भोवरा कुठे आहे ते आधी बघा. काही मुलांना दोन भोवरे असतात. तिथले केस मध्यम लांबीचे ठेवले तर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभेच राहतात, कितीही तेल लावा. एक तर ते अगदी बारीक करा नाहीतर एवढे लांब ठेवा की स्वतःच्या वजनाने खाली बसतील.

मशीनच्या आवाजाला पोरं घाबरतात. बंद मशीन आधी त्याच्या हातात द्यायला सांगा, मग सुरू करून आपल्या मनगटावर फिरवून दाखवा. तीन वर्षांच्या आतलं मूल फळीपेक्षा मांडीवर शांत बसतं. रविवारी सकाळच्या गर्दीत नेऊ नका. सलूनची साप्ताहिक सुट्टी कुठे सोमवारी, कुठे मंगळवारी, तेवढं विचारून जा. मानेवर वस्तरा फिरवायची लहान मुलाला काही गरज नसते, मशीनने काम होतं. फिरवायचाच असेल तर नवीन पातं आपल्यासमोर घालायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, कारण कापलेल्या जागेतून कावीळ-बी सारखे आजार पसरू शकतात. बहुतेक सलूनवाले आता न सांगताही पातं बदलतात.

मुलींचं काय?

इथे खरी अडचण. “पोरीच्या जातीचे केस कापायचे नसतात,” हे वाक्य वडगावच्या गल्लीपासून खडकलाटच्या मळ्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पुढे मोठ्या शाळेत दोन वेण्या आणि रिबिनी लागतात म्हणून आधीपासून वाढवायचे, असंही सांगतात. खरं अंगणवाडीच्या किंवा पहिलीच्या मुलीला वेण्या घालायला रोज वीस मिनिटं लागतात. सकाळी सातला कामावर जाणाऱ्या आईकडे ती नसतात. मग वेणी दोन दिवसांनी सुटते, चार दिवसांनी धुतली जाते आणि मानेमागे गुंता बसायला सुरुवात होते.

सगळ्यात त्रासाची लांबी मधली. धड बांधता येत नाहीत, धड डोळ्यांवरून मागे राहत नाहीत. एक तर जबड्याच्या रेषेवर सरळ बॉबकट, नाहीतर कानाबरोबर बॉयकट. सहा-सात वर्षांची होऊन मुलगी स्वतः कंगवा फिरवू लागली की वाढवा हवे तेवढे, वर्षाला बारा-पंधरा सेंटिमीटर येतातच. कपाळावर झालर ठेवायची असेल तर भुवईच्या वर एक बोट आणि केस कोरडे असताना कापा. ओला केस ताणलेला असतो, वाळल्यावर वर जातो, आणि शाळेच्या पहिल्याच फोटोत झालर अर्ध्या कपाळावर दिसते.

कुरळे केस असतील तर आखूड बॉब त्रिकोणासारखा फुगतो. तिथे कान दिसतील इतका आखूड कट बरा.

जावळ काढलं की केस दाट येतात?

नाही. केसाची जाडी मुळात ठरते, ती कातडीच्या आत. वरून वस्तरा फिरवल्याने मूळ बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, आणि बाळाचे मऊ केस वयाप्रमाणे जाड होतातच. त्याचं श्रेय जावळाला मिळतं, एवढंच. कन्नड शेजाऱ्यांकडेही याला ‘जवळ’च म्हणतात आणि त्यांच्याकडेही हाच समज आहे.

जावळ हा श्रद्धेचा, घरच्या आनंदाचा भाग आहे, तो ज्याने त्याने ठरवावा. अडचण वेगळी आहे. कुणाचं कुलदैवत जोतिबा, कुणाचं मंगसुळीचा खंडोबा, कुणाचं सौंदत्तीची यल्लम्मा. तिथे जाणं या ना त्या कारणाने राहतं. ऊसतोड असते, तंबाखूचा हंगाम असतो, घरात कुणी वारलेलं असतं. तोवर केसाला कात्री लावायची नाही. असं करत मूल दोन-तीन वर्षांचं होतं आणि पाठीपर्यंत केस येतात. या केसांना रोजचा कंगवा लागतोच, जावळ व्हायचंय म्हणून विंचरायचं नाही असा कुठलाही नियम नाही. झोपताना सैल वेणी घाला.

उवा आणि चट्टे

पावसाळ्यात आपल्याकडे पोरांची डोकी आठ-आठ दिवस नीट वाळत नाहीत. उवा ओल्या केसामुळे होत नाहीत आणि त्या उडतही नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. आखूड केसांत त्या कमी टिकतात आणि लगेच दिसतात, म्हणून कटिंगचा फायदा. पूर्ण चकोट करायची मात्र गरज नाही. बारीक दातांची फणी ओल्या केसांतून एक दिवसाआड दोन आठवडे फिरवा. परमेथ्रिन १ टक्का लोशन औषध दुकानात मिळतं. ते डॉक्टरांना विचारून लावा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावा, कारण लिखांतून नवी पिल्लं तेवढ्यात बाहेर येतात. रॉकेल किंवा शेतातलं फवारणीचं औषध डोक्याला कधीही लावू नका. कातडीतून विष आत जातं, मूल दगावू शकतं.

केस गोल चट्ट्यात गळत असतील, खपली धरत असेल तर तो गजकर्णासारखाच बुरशीचा आजार असू शकतो. तो कंगव्यातून आणि मशीनमधूनही पसरतो आणि नुसत्या मलमाने जात नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. तेवढ्यापुरतं सलून थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बेळगावच्या बिम्स जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं.

आणि आता ‘जट’

लहान मुलाचा केस बारीक असतो. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, उशीवर घासून ते एकमेकांत अडकतात. रोज गळणारे केस बाहेर न पडता त्यातच गुंडाळले जातात. वर तेल आणि धूळ. महिन्याभरात मानेमागे नाण्याएवढी गाठ होते. कुणीही कंगव्याने सोडवली असती अशी ही गाठ.

पण सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. गाठ बघून कुणीतरी म्हणतं, “आई आलीया गं, फणी लावू नको.” कन्नडमध्ये हीच ‘जडे’. फणी बंद झाली की गाठ वाढणारच, ती वाढली की देवीचा कौल पक्का झाला असं धरतात. हळद-कुंकू लावतात, धुणं बंद होतं. शाळेत मुलं शेजारी बसत नाहीत, मानेवर वजन येतं, वास येतो, उवा होतात. यातूनच कित्येक मुलींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधून त्यांना देवीला सोडलं गेलं. या मुली कोणत्या घरातल्या होत्या तेही सांगायला हवं. बहुतेक दलित आणि भूमिहीन घरातल्या. जट आली म्हणून सोडलेली सावकाराची मुलगी शोधूनही सापडायची नाही.

याविरुद्ध आवाजही इथूनच उठला. १९७० च्या दशकात बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडहिंग्लजला देवदासींची परिषद घेतली. निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी तंबाखू-विडी कामगार बायकांबरोबर देवदासींनाही संघटित केलं. मुली सोडण्याला बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ मध्ये आला, आणि त्यात आई-वडील किंवा नातेवाईकच दोषी असतील तर शिक्षा जास्त ठेवली होती. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन, समजूत घालून जट कापतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं त्यातलं काम मोठं आहे. त्या मूळच्या ब्युटी पार्लर चालवणाऱ्या, म्हणजे कात्री धरणाऱ्याच.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. पोलंडमध्ये अशा गुंत्याला ‘कोल्तुन’ म्हणत. तो कापला तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो असा समज शतकानुशतकं होता. १९ व्या शतकाच्या मध्यात क्राकुवचे डॉक्टर योझेफ दिएत्ल यांनी हा केसांचा गुंता आहे, देवाचा वा सैतानाचा नाही, हे लोकांना पटवायला मोहीम काढली. कात्री लागली, लोक आंधळे झाले नाहीत. पुढे हेच दिएत्ल क्राकुवचे महापौर झाले.

जट कापली की रक्त येतं म्हणतात. केसात रक्तही नसतं आणि नसही नसते. रक्त येतं ते कात्री घाईत कातडीला लागते तेव्हा. त्यामुळे पद्धत नीट समजून घ्या. गाठ लहान असेल तर खोबरेल तेल किंवा कंडिशनर भरपूर चोळून अर्धा तास ठेवा. मुळाजवळ केस मुठीत धरा म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर या. मुळाकडून खाली ओढलं तर गाठ घट्ट होते आणि पोर किंचाळतं. नाहीच सुटली तर कात्रीने गाठीला उभे दोन-तीन छेद द्या, आडवे नकोत. बऱ्याचदा अर्धी लांबी वाचते. पूर्ण कापायची असेल तर डोकं आणि गाठ यांच्यात कंगवा आडवा सरकवून, कंगव्याच्या वरून कापा. जुनी, जड जट असेल तर खाली कातडीला जखमा असू शकतात. आधी डॉक्टरांना दाखवा.

घरातली म्हातारी माणसं घाबरतात, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. त्यांनी आयुष्यभर हेच ऐकलेलं असतं. “देवीला नमस्कार करून कापू, केस तिच्या पायाशी ठेवू,” असं म्हटल्यावर कात्रीला हो म्हणणाऱ्या आज्या आहेत. चालेल की. केस कुठे ठेवायचे ते त्यांना ठरवू दे.

जटेवरून एखाद्या मुलीची शाळा बंद केली असेल किंवा तिला सोडण्याची बोलणी कानावर आली तर १०९८ हा लहान मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. अंगणवाडी सेविकेलाही सांगता येतं. गावातल्या कार्यकर्त्याला बोलवायचं असेल तर कोल्हापूर जिल्ह्यात अंनिसचे लोक आहेत.

गाठ कापल्यावर मागचे केस वेडेवाकडे राहतात, मुलीला आरशात बघून रडू येतं. त्याच दिवशी सगळे केस त्या लांबीला आणून बॉयकट करून घ्या. मे अखेरीस कापलेले केस दसऱ्यापर्यंत चार-पाच सेंटिमीटर होतात, दिवाळीला क्लिप बसते.