पहूर : अजिंठ्याचे विसरलेले स्टेशन

नेपल्सहून लोकल गाडीत बसायचे आणि ‘पोंपेई स्काव्ही’ला उतरायचे, प्राचीन नगराचे दार स्टेशनाला लागूनच आहे. रोमहून ओस्तिया या जुन्या बंदराकडे १९२४ पासून रेल्वे जाते. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला घरी पोचतो. हे रोमन अवशेष विद्वानांच्या ग्रंथांतून बाहेर येऊन सामान्य माणसाच्या ओळखीचे झाले, त्यात या स्वस्त तिकिटाचा वाटा मोठा आहे असे मी मानतो. ओस्तियाच्या पाच वर्षे आधीच अशी एक गाडी आपल्या खानदेशात सुरू झाली होती. पाचोरा–जामनेर मार्गावरचे पहूर हे तिचे स्टेशन अजिंठ्याचे दार होते. ते दार पुन्हा उघडले पाहिजे, एवढेच मला इथे पुराव्यानिशी मांडायचे आहे.

पी.जे. या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ही अडीच फुटी रुळांची, ५६ किलोमीटरची गाडी. ती कापसासाठी घातली, अजिंठ्यासाठी नव्हे, हा आक्षेप खरा आहे. पण रूळ कशासाठी टाकले आणि त्यावरून पुढे कोण गेले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेणी निजामाच्या मुलखात, तर रेल्वे इंग्रजांच्या पूर्व खानदेशात. मुंबईकडून येणाऱ्याने पाचोऱ्याला गाडी बदलावी, शेंदुर्णीवरून पहूर गाठावे आणि तिथून लेण्यांजवळच्या फर्दापूरची वाट धरावी, हा अजिंठ्याचा एक मान्य मार्ग होता. निसर्गानेही हे नाते आधीच जोडून ठेवले आहे. ज्या वाघूरच्या नालाकृती वळणावर लेणी कोरली, तीच नदी खाली पहूर पेठ आणि पहूर कसबे या गावांपाशी येते.

रोमशी तुलना ओढूनताणून केलेली नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पोंपेई गाडले, तेव्हा अजिंठ्याची नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची चैत्यगृहे आधीच कोरलेली होती. १९३८ मध्ये पोंपेईच्या एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्तीचा अवशेष १९७३ च्या उत्खननात भोकरदनला मिळाला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचे व्यापारी गाव. म्हणजे हा मुलूख रोमच्या काळी जगाच्या बाजारपेठेशी जोडलेला होता.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे : गाडी आली की गर्दी येईल आणि चित्रे जातील. माणसांच्या श्वासाने दमटपणा वाढतो, हे निर्विवाद. पण अजिंठ्याच्या हानीचा इतिहास तपासला, तर दोष नुसत्या गर्दीवर ढकलता येत नाही. एकोणिसाव्या शतकात चित्रकार जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली नकला काढताना, चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण फासले गेले. १९२० मध्ये निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पक्का केला. त्यांच्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्यांनी वर लाखेचे रोगणही दिले. पोंपेईची चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली. अजिंठ्याची मातीच्या, साळीचा तूस मिसळलेल्या कोरड्या गिलाव्यावर; म्हणून तिकडची रीत इथे जशीच्या तशी लागू पडणारी नव्हती. रोगण कालांतराने पिवळे पडले, काळवंडले, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर जपून उतरवावा लागला. धोका अविचारी व्यवस्थेत आहे. गर्दीला व्यवस्था लावता येते : फर्दापूर फाट्यावर खासगी वाहने थांबवून पुढचे चार किलोमीटर बसने नेण्याची पद्धत आजही चालू आहे. रेल्वेच्या वेळापत्रकाने येणारा प्रवासी मोजता येतो आणि त्याला गटागटाने आत सोडता येते; मोटारींच्या झुंडीला हे लागू होत नाही.

राहिला अंतराचा मुद्दा. पहूर हे पोंपेईसारखे दाराशी नाही, पुढे बस लागतेच. पण गाडीच्या वेळेला जोडून एसटी सोडणे ही काही अवघड विद्या नव्हे. अरुंद गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती थांबलीच. आता पाचोरा–जामनेर मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव मार्गालाही मंजुरी दिली, तीही अजिंठ्याचे नाव घेऊनच. नव्या मार्गांच्या आराखड्यात मालधक्क्याइतकाच विचार एका दिवसात लेणी पाहून परतणाऱ्या प्रवाशाचा व्हावा. सकाळची एक गाडी, संध्याकाळची एक गाडी आणि पहूरला उभी असलेली एसटी, एवढी मागणी खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी आत्ताच, रूळ पडण्याआधी, लावून धरावी.