वाळवंटातील दुकान

(वाळवंटी प्रदेशात वाऱ्याबरोबर वाळू आणि धूळ उडत असते. तेथील दुकाने व कचेऱ्या यांचे धुळीपासून रक्षण कसे करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कुवेत, सौदी अरेबिया, कतार, संयुक्त अरब अमिराती हे देश वाळवंटी प्रदेशात वसले आहेत. आपल्या कोकणातील अनेक माणसे कामासाठी तिकडे गेली आहेत. त्यांतील कित्येकजण दुकानांत आणि कचेऱ्यांत नोकरी करतात. उन्हाळ्यात तेथे वायव्येकडून जोराचा वारा येतो. त्याला ‘शमाल’ म्हणतात. उर्दूतील ‘शुमाल’ म्हणजे उत्तर दिशा, हे तुम्हांला ठाऊक आहेच. दोन्ही शब्द एकच आहेत. हा वारा सुटला, की आकाश पिवळसर होते आणि समोरची इमारतही दिसेनाशी होते.

अशा वेळी दुकानाचे दार नुसते लावून घेतले, म्हणजे झाले का? नाही. कारण वारा आपल्याबरोबर दोन वेगळ्या वस्तू आणतो. एक वाळू आणि दुसरी धूळ.

वाळूचा कण जड असतो. वाऱ्याने तो उचलला जातो, थोडे अंतर उडी मारतो आणि पुन्हा खाली पडतो. राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज अभियंत्याने ईजिप्त व लिबियाच्या वाळवंटात हिंडून या उड्यांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. उडणारी बहुतेक वाळू जमिनीपासून एकदोन मीटर उंचीच्या आतच राहते. धुळीचे तसे नाही. तिचे कण पिठासारखे बारीक असतात. ते खूप उंच जातात, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि केसाएवढ्या फटीतूनही आत शिरतात.

जुन्या काळच्या लोकांना हा फरक अनुभवाने कळला होता. दुबईच्या अल फहिदी या जुन्या वस्तीत आजही घरांवर उंच मनोरे दिसतात. त्यांना ‘बारजील’ म्हणतात. हे मनोरे वरची हवा घरात आणतात. वर वारा चांगला मिळतो आणि वाळू कमी असते. बाजाराच्या गल्ल्या अरुंद ठेवून त्यांवर छप्पर घालण्याची रीतही जुनीच आहे. त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही अडतात.

आजच्या इमारतींतही तोच विचार दिसतो. बाहेरची हवा आत घेण्याची जागा जमिनीपासून उंच ठेवतात. तिच्या तोंडाशी उभ्या, वाकवलेल्या पट्ट्यांची झडप बसवतात. हवा त्या पट्ट्यांमधून वळणे घेत जाते. जड वाळूला तसे वळता येत नाही. ती पट्टीवर आपटून खाली पडते. उरलेली बारीक धूळ पुढच्या गाळणीत अडकते. ही गाळणी वादळानंतर तपासावी लागते. ती तुंबली, तर आत हवा कमी येते आणि यंत्रावरचा ताण वाढतो.

दारासाठीही युक्ती आहे. एकापुढे एक अशी दोन दारे ठेवतात आणि मध्ये लहानशी खोली असते. पहिले दार मिटल्यावरच दुसरे उघडते. या खोलीत जाळीदार पायपुसणे असते. बुटांची वाळू तेथेच झडते. दाराखालच्या फटीला रबराची किंवा ब्रशची पट्टी लावतात.

पण सर्वांत मोठा पहारेकरी डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे आतील हवेचा दाब. दुकानातून जेवढी हवा बाहेर जाते, तिच्यापेक्षा थोडी जास्त स्वच्छ हवा आत सोडतात. मग आतला दाब किंचित वाढतो. दार उघडले, तरी हवा आतून बाहेर जाते आणि धुळीला आत येण्यास वाट मिळत नाही. हे पाहणे सोपे आहे. दार किंचित उघडून फटीजवळ आतून कागदाची पट्टी धरावी. ती बाहेरच्या बाजूला ओढली गेली, तर दाब ठीक आहे. मात्र स्वयंपाकघरातील किंवा शौचालयातील हवा बाहेर फेकणारे पंखे जोरात चालू असतील, तर उलटे घडते. आतला दाब कमी होतो आणि प्रत्येक फट धूळ ओढू लागते. म्हणून वादळात, शक्य असेल तेथे, असे पंखे बंद ठेवावेत.

एवढे करूनही थोडी धूळ आत येतेच. ती काढतानाही विचार करावा लागतो. वाळूत गारेचे कण असतात आणि गार काचेपेक्षा कठीण असते. कोरड्या फडक्याने पुसले, तर काचेवर ओरखडे उठतात. म्हणून आधी यंत्राने धूळ ओढून घ्यावी, मग ओल्या फडक्याने पुसावे. संगणकाच्या पंख्यात धूळ साचली, तर संगणक तापतो. शीतकपाटाच्या मागच्या नळ्यांवर साचली, तर वीज जास्त लागते.

धुळीचे खरे नुकसान मात्र मालापुरते नसते. मे २०२२ मध्ये इराकात धुळीची वादळे झाली, तेव्हा एकाच वादळात पाच हजारांहून अधिक लोकांना श्वासाच्या त्रासामुळे रुग्णालयात जावे लागले. वादळानंतर दुकान झाडणाऱ्या माणसाच्या छातीतही तीच धूळ जाते. त्याच्या हातात कोरडा झाडू देऊ नये. त्याला ओले पोतेरे आणि तोंडावर बांधायला चांगली पट्टी द्यावी. ज्या दुकानात काचेइतकीच माणसाच्या श्वासाचीही काळजी घेतली जाते, तेच दुकान खरे स्वच्छ म्हणावे.

शब्दार्थ
वायव्य – उत्तर व पश्चिम यांमधील दिशा
गार – एक कठीण पांढरा दगड
तुंबणे – अडकून बंद होणे
पोतेरे – जमीन पुसण्याचे ओले फडके

स्वाध्याय
१. वाळू आणि धूळ यांच्या उडण्यात कोणता फरक आहे?
२. हवा आत घेण्याची जागा उंच का ठेवतात?
३. कारण सांगा : काच कोरड्या फडक्याने पुसू नये.
४. तुमच्या वर्गात धूळ कोठून येते ते पाहा आणि पाच वाक्ये लिहा.