ऊर्जासंतुलन व मेंदूतील ग्राही

ऊर्जासंतुलन : अन्नातून मिळणारी व शरीरात खर्च होणारी ऊर्जा यांतील समतोल. आवक दीर्घकाळ खर्चाहून अधिक राहिल्यास उरलेली ऊर्जा मेदाच्या (चरबीच्या) रूपाने साठून मेदोवृद्धी होते. हा समतोल मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा भाग राखतो. त्यातील तंत्रिका कोशिकांवर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. विशिष्ट रासायनिक संदेशवाहक विशिष्ट ग्राहीशीच, कुलपात किल्ली बसावी तसा, जोडला जातो.

मेदकोशिकांतून स्रवणारे लेप्टिन हे हॉर्मोन जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये शोधून काढले. ते रक्तावाटे अधोथॅलॅमसात पोहोचून मेदसाठ्याची वार्ता देते. साठा पुरेसा असता काही कोशिका मेलॅनोकॉर्टिन-४ हा ग्राही उद्दीपित करतात. त्यामुळे भूक मंदावते. साठा घटल्यास लेप्टिन कमी होते, दुसऱ्या कोशिका त्याच ग्राहीचे कार्य रोखतात, भूक वाढते व ऊर्जाव्यय घटतो. उतरविलेले वजन पुन्हा चढण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. मात्र मेंदूचा प्रतिसाद क्षीण असतो. साठा घटू नये म्हणून ही यंत्रणा जितकी दक्ष असते, तितकी तो वाढू नये म्हणून नसते. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरास आली. तेथील तालमींत मल्लाचा दूध, तूप व बदाम यांचा खुराक जोर, बैठका व लढती यांत खर्ची पडतो. कुस्ती सुटल्यावर खर्च एकदम उतरतो. भूक व सवय त्या प्रमाणात न उतरल्यास अंगावर मेद चढतो. झां मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील ताग गिरणीच्या कामगारांची पाहणी केली (१९५६). तीत बैठे काम करणाऱ्यांचा आहार व वजन ही दोन्ही हलके श्रम करणाऱ्यांहून अधिक आढळली.

मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राहीच्या जनुकातील दोषाने बालपणापासूनच तीव्र मेदोवृद्धी होते, असे १९९८ मध्ये आढळून आले. तेव्हा प्रत्येक स्थूल व्यक्तीस खादाड वा आळशी ठरविणे शास्त्रास धरून नाही. या ग्राहीस उद्दीपित करणारे सेटमेलॅनोटाइड हे औषध काही दुर्मिळ आनुवंशिक प्रकारांसाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले. आतड्यातील एका हॉर्मोनाच्या ग्राहींवर, मेंदूतही, कार्य करणारे सेमाग्लुटाइड तेथे २०२१ पासून मेदोवृद्धीवर वापरले जाते. औषध थांबविल्यास घटलेल्या वजनाचा बराचसा भाग परत येतो. म्हणून आहार व व्यायाम यांची जोड आवश्यक असते.