पोचपावतीची तारीख

29 एप्रिल 2025, सकाळी 7. मी ग्रामरोजगार सेवक. रोजगार हमीच्या कामावर हजेरीचा फोटो चढवायचाय, पण ॲप नुसतं फिरतंय. रेंजसाठी बांधावर चढलो. उद्या आखिती, त्यामुळे निम्मीच माणसं आलीत.

8:30. घरी परतलो तर आत्या ओसरीवर. ऊसतोडीहून येऊन महिना झाला. "लेकरा, माझा भत्ता किती बसतोय रं?"

जॉबकार्डाच्या प्लास्टिकमधून तिनं चार घड्यांची पोचपावती काढली. नमुना 5, तारीख 3 एप्रिल, सही माझीच. हिशेब पाचवीच्या पोराला यावा असा आहे. मागणीनंतर 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेरोजगार भत्ता; ती मुदत 18 ला संपली. 19 पासून आजपर्यंत 11 दिवस. मजुरी 312 रुपये. पहिले 30 दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे रोज 78. पुढं किमान निम्मी, 156. तिचे झाले 858. राज्याची जुनी रोजगार हमी 26 जानेवारी 1979 ला लागू झाली, तेव्हा हाच भत्ता रोज 1 रुपया होता.

"आन् माझा?" तिच्या जावेनं विचारलं. तिनं काम तोंडी मागितलेलं, पोच नाही. तिचा शून्य.

11:00. ग्रामपंचायत. खरी गोम संगणकात. तिथं आत्याच्या मागणीची तारीख कालची, 28 एप्रिल! काम हाताशी येतंय असं दिसलं की मगच मागणी चढवायची, ही आमच्याकडची रीत. कागदावर 858 आणि संगणकात उशीरच नाही. मी अर्ज 3 तारखेलाच पुढं दिला होता. पुन्हा विचारायला गेलो नाही, हेही खरं.

2:30. तालुक्याहून फोन: 2 मेपासून हजेरीपट निघतोय, बायांना कळवा. कामावर बोलावलं की भत्त्याचं मीटर बंद. कळवून 15 दिवसांत गेलं नाही तर तीन महिने भत्ता मागता येत नाही.

4:00. दुसरा फोटो. या वेळी लगेच चढला.

6:00. जावेच्या काममागणीचा नमुना 4 भरला, अंगठा घेतला, आजच्या तारखेची पोच फाडून दिली. आत्यानं आपल्या पावतीची पुन्हा घडी घातली. "परवा 1 मेची ग्रामसभा हाय. मला वाचता येत न्हाई. तूच वाचून दाखव समद्यांम्होरं."

खालची सही माझी आहे, हे तिला ठाऊक आहे. वाचीन म्हणालो.