कोच मोठा की खेळाडू?

बॉस, प्रोजेक्ट गंडला की केबिनमध्ये आधी कोणाला बोलावतात? टीम लीडरला. आणि हिट झाला की? मग सगळेच फोटोत पुढे! क्रिकेटचं ऑफिसही वेगळं नाही.

2007 चा वर्ल्ड कप आठवा. बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून आपण पहिल्याच फेरीत घरी आलो. कोच ग्रेग चॅपेलनी पद सोडलं. बॅट ज्यांच्या हातात होती, त्यांच्यापैकी बहुतेकजण खेळत राहिले.

मला विचाराल, तर खेळाडूला पगार जास्त मिळण्यात गैर काहीच नाही. पब्लिक तिकीट काढते ती त्याच्यासाठी. शिवाय पस्तिशी उलटली की त्याचं करिअर आवरायला लागतं. कोच साठीतही नोकरीवर असतो.

पण बक्षिसाचं काय? इथे राहुल द्रविडचा फंडा भारी आहे. 2018 मध्ये अंडर-19 वर्ल्ड कप जिंकल्यावर बोर्डाने त्याला 50 लाख, खेळाडूंना 30 लाख आणि सपोर्ट स्टाफला 20 लाख जाहीर केले. द्रविड म्हणाला, आमच्यात हा भेद कशाला? शेवटी त्याच्यासकट स्टाफला 25-25 लाख मिळाल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे साहेबांनी स्वतःची रक्कम चक्क निम्मी करून घेतली!

जबाबदारीचं गणित मात्र वेगळं. 2010 मध्ये वेन रूनीचा पगार आपल्या दुप्पट होणार म्हटल्यावर मँचेस्टर युनायटेडच्या अॅलेक्स फर्ग्युसननी मालकांना सरळ सांगितलं, हे बरोबर नाही. त्यांना ते शोभलंही, कारण कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, यात त्यांचा शब्द चालायचा. 2003 मध्ये बेकहॅमसारखा स्टारही गेलाच ना! आपल्याकडे टीम निवडते निवड समिती. कोचचं मत विचारतात, पण त्याला मतदानाचा हक्क नसतो. मग पराभवाचं अख्खं बिल त्याच्याच नावावर का फाडायचं?

2025 च्या महिला वर्ल्ड कपमध्ये आपण साखळीत ओळीने तीन मॅच हरलो होतो. कोच होता आपला मुंबईकर अमोल मुजुमदार. फर्स्ट क्लासमध्ये 11 हजारांवर रन्स, पण भारताकडून एकही मॅच नाही. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या टीमने कप उचलला. बोर्डाने 51 कोटी जाहीर केले, ते खेळाडू आणि स्टाफ, दोघांसाठी.

माझा हिशेब सोपा आहे. पगार ज्याच्या त्याच्या मार्केटप्रमाणे, बक्षीस वाटून आणि ज्याच्या हातात जेवढी पॉवर, त्याच्या अप्रेझलमध्ये तेवढीच लाल शाई. पटतंय?